ॲडलीन टेटाची आखूड बंदूक

ॲडलीन टेटाने एकदा राग धरला की तो तिच्या घरी कायमचा राहायला यायचा. आमच्या चेक लोकांत काकूला टेटाच म्हणतात. माझी आई तिची जाऊ. कधीतरी चर्चच्या जत्रेत आईने तिच्या खसखशीच्या कोलाच्यांना, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांना, "जरा कोरड्या झाल्यात" म्हटलं होतं. तेव्हापासून, मी शाळा संपवली, लग्न केलं तरी, दोघी चर्चच्या स्वयंपाकघरात एकाच टेबलावर पीठ मळायच्या आणि बोलायच्या माझ्यामार्फत. "तुझ्या आईला सांग, तिच्या बाजूला पीठ सांडतंय." आई हातभर अंतरावर उभी असायची.

तिचा नवरा अल्फोन्सकाका, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, अगदी उलट माणूस. कुणी त्याचं कुंपण मोडलं तर हा त्याच माणसाबरोबर तार ताणायला उभा राहायचा आणि वर त्याला बिअर द्यायचा. पत्त्यांत कुणी फसवलं तर हसायचा. घरी परतताना पिकअपमध्ये टेटा त्याच्या वाटचं चिडून घ्यायची. "घरात एकाला तरी लक्षात ठेवायला हवं," ती म्हणायची. तो म्हणायचा, "बरं झालं तू आहेस." त्यांचं चांगलं चाललं होतं.

लव्हाका नदीच्या वरच्या अंगाला, टेक्सासच्या आमच्या भागात, रानडुकरं काही नवी नाहीत. पण रँडल प्रूइट नावाचा माणूस ह्यूस्टनहून आला, त्याने टेटाच्या शेताला लागून असलेली जुनी जागा विकत घेतली, पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि फाटकावर डुकराच्या शिकारीची पाटी लावली, तेव्हापासून डुकरांना ऊत आला. शहरातली माणसं शनिवार-रविवार येऊन डुकरं मारायची आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तितकीच डुकरं तयार असायची. ती कुठून येतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं. दक्षिणेकडे सापळ्यात धरायची, ट्रेलरमध्ये भरायची आणि इथे आणून सोडायची. त्याला परवाना लागतो, आणि डुकराला अडवेल असं कुंपण लागतं. प्रूइटकडे परवाना नव्हता आणि कुंपण होतं गाईंचं. डुकराच्या लेखी ते कुंपण म्हणजे दारावरचा पडदा.

मे महिन्यात टेटा आणि काका एका लग्नाहून घरी येत होते. दिवस मावळला होता, पण अंधार पडला नव्हता. प्रूइटच्या हद्दीपाशी रस्ता वळतो, तिथे डुकरांचा कळप आडवा आला. काकाने चाक वळवलं, तरी सगळ्यांत मोठं डुक्कर पिकअपवर आदळलंच. पिकअप खड्ड्यात उलटली. काका तिथेच गेला. टेटाचा उजवा खांदा चिरडला. सीटच्या पट्ट्यात उलटी लटकलेली असताना तिला पिकअपच्या दिव्याच्या उजेडात ते मेलेलं डुक्कर दिसत होतं, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या बाईला जे पहिल्यांदा दिसेल तेच तिला दिसलं. तो नर होता आणि खच्ची केलेला होता. जखम जुनी, नीट भरलेली. रानात डुकराला कुणी खच्ची करत नाही. ते माणसाचं काम. नर पकडायचा, खच्ची करायचा आणि मोठा, चरबीदार झाला की शिकाऱ्यांपुढे सोडायचा.

तिने हे दवाखान्यात शेरीफच्या माणसाला सांगितलं. तो प्रूइटकडे जाऊन आला. म्हणाला, "मॅडम, त्याचं म्हणणं, टेक्सासमध्ये रानडुकरं कुणाचीच नसतात. आणि डुकराच्या अंगावर काही मालकाचं नाव नव्हतं."

मयताच्या घरी आमच्याकडे जेवण पाठवतात. प्रूइटनेही पाठवलं. धुरावलेलं एक अख्खं हॅम, म्हणजे डुकराचीच मांडी, वर रिबीन. तो मुद्दाम वागला की मूर्खासारखा, मला अजून ठरवता आलेलं नाही. टेटाला तो प्रश्नच पडला नाही. खांद्यात धातूच्या पट्ट्या घातलेल्या, हात गळ्यात अडकवलेला, अशा अवस्थेत तिने मला गाडी काढायला लावली आणि ते हॅम पेंढ्या बांधायच्या तारेने त्याच्या फाटकाला टांगलं. मी तार पिळत होते तेव्हा ती म्हणाली, "घट्ट पिळ. कुत्र्यांनी नेता कामा नये. त्याला दिसलं पाहिजे."

काका गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत ती आमच्या दुकानात आली. मी पशुखाद्याच्या दुकानात काम करते. एका भिंतीला पोती, दुसऱ्या भिंतीला बंदुका, मधे कॉफीचं मशीन आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसलेला मार्विन बुचेक. मार्विन शेतीतून निवृत्त झालाय, बोलण्यातून नाही.

टेटाने खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून काउंटरवर सरळ केला. "बंदूक हवी. याच्यात बसेल अशी."

"हे कशाचं माप?"

"आमच्या शेतातल्या मोटारबग्गीचं. टपाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत. काकाची हरणांची रायफल आत वळतच नाही. कुठेतरी अडकते आणि तोवर डुकरं शेजारच्या जिल्ह्यात."

नुसती लांबीचीच अडचण नव्हती. उजव्या खांद्यात धातूच्या पट्ट्या, त्यामुळे बंदूक आता डाव्या खांद्याला लावायची. काकाच्या रायफलचा काडतूस चढवायचा खटका उजवीकडे, आणि नळीच्या टोकाला सगळं वजन. ते वजन उजव्या हाताने पुढे तोलून धरायचं म्हटलं की खांदा पेटायचा. तिने हे रडगाणं म्हणून सांगितलं नाही. ट्रॅक्टरचं काय बिघडलंय ते मेकॅनिकला सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, "तुला बुलपप लागेल, टेटा." आणि भिंतीवरची एक काढून तिच्यापुढे ठेवली. "नळी पूर्ण लांबीची आहे, पण काडतुसं आणि सगळी यंत्रणा चापाच्या मागे, दस्त्याच्या पोटात. म्हणून वीतभर आखूड होते आणि वजन खांद्यापाशी येतं. पुढचा हात नुसता टेकवायचा."

मार्विनने कॉफी खाली ठेवली. "ही बंदूक आहे की भिंतीला भोकं पाडायचं मशीन?"

"मार्विन," टेटा वळून न बघता म्हणाली, "तुला विचारलं की बोल. म्हणजे बोलूच नकोस."

आमच्याकडे तीन होत्या. पहिली ऑस्ट्रियाची, हिरवी, गुळगुळीत. टेटाने ती डाव्या खांद्याला लावली आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. उजवा हात छातीजवळच राहत होता. मी तिला दुकानामागे नेम धरायला घातलेल्या मातीच्या बांधापाशी नेलं आणि आधी स्वतः डाव्या खांद्याला लावून एक बार काढून दाखवला. रिकामी पुंगळी उजवीकडून उडाली आणि माझ्या ओठांसमोरून सणकन गेली.

"तोंडात जाईल ही," टेटा म्हणाली.

"डावखुऱ्यांसाठी आतला भाग बदलून मिळतो. मागवावा लागेल."

"आणि चाप असा काय? ओला पाव दाबल्यासारखा."

"बुलपपचा चाप असाच. पुढे दाबलेलं मागे पोचवायला मधे लांब दांडी असते."

"पुढची दाखव."

दुसरी इस्रायलची, जड. तिची पुंगळी उडायची बाजू इथेच बदलून देता आली असती. टेटाने ती उचलली, खांद्याला लावली, आणि मी मनात वीसपर्यंत मोजायच्या आत नळीचं टोक खाली झुकायला लागलं. तिने दात आवळून धरून ठेवली. मीच तिच्या हातातून काढून घेतली. "मला जमली असती," ती म्हणाली. "जमली असती," मी म्हटलं, "पण डुकरं थांबली नसती."

तिसरी फ्लोरिडात बनलेली, हलकी, दिसायला काहीच खास नाही. तिची पुंगळी बाजूने उडतच नाही, सरळ खाली पडते, डावा काय आणि उजवा काय. चापही बराच मोकळा. टेटाने बांधावर पाच बार काढले. पुंगळ्या तिच्या बुटांजवळ पडत राहिल्या. तिने खाली बघितलं, बुटाने एक पुंगळी बाजूला सारली, आणि म्हणाली, "ही. माझ्या तोंडावर यायचं होतं तेवढं येऊन झालंय."

ती निवड चोख होती. तरी काउंटरवर परत आल्यावर माझा हात पुढे होईना. ही बाई कोणाच्या शेजारी राहते ते मला माहीत होतं. फाटकाला टांगलेलं हॅम मी पाहिलेलं होतं. दुकानदाराला नाही म्हणायचा हक्क असतो आणि मी तो याआधी अनोळखी माणसांवर वापरलाही होता.

"टेटा, कुठल्या डुकरांसाठी घेतेयस?"

मार्विनचा तोंडाजवळ नेलेला कप तिथेच थांबला.

"चार पायांच्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"हे बघ पोरी. मला रँडल प्रूइट मेलेला नकोय. मेला की सुटला. लोक त्याच्याही घरी जेवण घेऊन जातील, त्याच्याबद्दलही चार शब्द चांगले बोलतील. मला तो जिवंत हवाय. धडधाकट, जागा, आणि रिकामा. त्याने जे आणून सोडलंय त्यातलं एकही त्याच्याकडे शिल्लक राहता कामा नये."

ती हे अगदी शांतपणे बोलली. मग मी बंदूक विकताना लागणारे तपासणीचे कागद पुढे केले. मी तिला ओळखत होते. तिने आयुष्यात कुणावर राग धरला नाही असा एक दिवस गेला नसेल, पण ती कधी खोटं बोललेली मला आठवत नव्हतं.

त्या महिन्यात तिने पेंढ्यांवर कागदी थाळ्या टाचून नेम बसवला. काडतुसांची पेटी बदलणं तिला सुरुवातीला जमेना, कारण ती काखेजवळ असते. ती टीव्हीवरच्या बातम्या बघत सोफ्यावर रिकाम्या पेट्या काढत-घालत बसायची. मग तिने चांगले कपडे घातले, कोलाच्यांचा डबा घेतला आणि प्रूइटच्या जागेला लागून ज्यांची ज्यांची शेतं होती त्या प्रत्येकाकडे गेली. "तुमच्या हद्दीत डुकरं मारू का?" प्रत्येकाचा मका, गवत, तळ्याचा बांध डुकरांनी उकरलेला. सगळे हो म्हणाले. माझी आईही हो म्हणाली, तिचंही थोडं रान तिकडे आहे. डबा तिने रिकामा करून परत दिला आणि कोरडं-ओलं काहीही बोलली नाही.

अशा रीतीने प्रूइट चारी बाजूंनी वेढला गेला आणि त्याला पत्ता नव्हता.

टेटाने मका भिजत घालून आंबवला. त्या वासाला डुकरं मैलभरावरून येतात. तो मका तिने बरोबर कुंपणाच्या अलीकडे, आपल्या बाजूला ओतला. पहाटे आणि दिवस मावळताना ती बग्गीत वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला थांबायची. आमच्याकडे आपल्या जमिनीवर डुक्कर मारायला कुणाची परवानगी लागत नाही. आधी एक मादी, मग तिची पिल्लं, मग एक नर. पुढेपुढे रोज. खाण्याजोगं ती गावात वाटायची. उरलेलं खड्ड्यात पुरायची आणि वर माती ओढताना, मी दोनदा ऐकलं, ती काकाचं नाव घ्यायची. प्रार्थनेसारखं नाही, एखाद्याला हिशेब वाचून दाखवावा तसं.

मार्चमध्ये प्रूइट दुकानात आला. केस पिंजारलेले. "तुमच्या काकूंना सांगा, माझे पाहुणे रात्र रात्र बसून परत जातायत. एक शेपूट दिसत नाही."

"डुकरं इकडंतिकडं जातात," मी म्हटलं.

मार्विन म्हणाला, "ह्यूस्टनला गेली असतील. तिकडची माणसं इकडे येतात, त्यांनीही जरा तिकडचं बघावं."

त्या आठवड्यात मी टेटाबरोबर बग्गी चालवायला गेले होते. तिचा खांदा थंडीने धरला होता. उजेड अजून होता. तिने नुकताच एक मोठा नर पाडला होता आणि तो कुंपणापासून चार पावलांवर, आमच्या बाजूला पडला होता. प्रूइटची पिकअप पलीकडून धुरळा उडवत आली. तो उतरला आणि तारेपाशी उभा राहिला.

"मिसेस ओर्साक, हे बस झालं. ही माझी डुकरं आहेत."

टेटाने पेटी काढली, बंदुकीतलं काडतूस काढलं, बंदूक सीटवर आडवी ठेवली. मग बग्गीतून सावकाश उतरली आणि कुंपणाजवळ गेली. मी तिला इतकं सुखी काका गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"कुणाची डुकरं आहेत ते. ही माझी पुतणी आहे, तिला नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा म्हण."

त्याला समजलं होतं. शेरीफच्या माणसाला जे सांगितलं होतं तेच त्याने आता स्वतःच्या जिभेने खोडलं होतं, आणि ऐकायला दोघी होत्या.

मग तो म्हणाला, "तुम्हाला काय हवंय? आकडा सांगा. मी माणूस वाईट नाही. मिस्टर ओर्साकांचं मला फार वाईट वाटलं."

"तू त्याला ओळखत नव्हतास. तो तुला आवडला असता. तूही त्याला आवडला असतास, तोच तर त्याचा दोष." टेटाने तारेवर हात ठेवला. "मला काही नको. तू इथेच राहा. रोज सकाळी फाटक उघड आणि तुझं रान बघ. मी अलीकडे असेनच."

तो निघून गेला. टेटा परत बग्गीत चढताना मी तिला हात दिला, तर तिचा हात थंडगार होता आणि ती हसत होती. मला त्या हसण्याची थोडी भीती वाटली, ते लपवत नाही.

एप्रिलमध्ये प्रूइटकडे डॅलसच्या शिकाऱ्यांची एक मोठी टोळी येणार होती. रान रिकामं. त्याला घाई झाली आणि जे काम तो आडवेळी करायचा ते त्याने भर दुपारी केलं. डुकरांनी भरलेला ट्रेलर आमच्या दुकानासमोरून गेला. वास दारातून आत आला. मार्विन माझ्याकडे बघायला लागला. मी फोन उचलला आणि शिकार खात्याच्या वॉर्डनला ट्रेलरचा रंग आणि रस्ता सांगितला. टेटाने मला कधीच सांगितलं नव्हतं असं कर म्हणून. माझाही तो काका होता.

वॉर्डनने ट्रेलर काका गेला त्याच वळणावर अडवला. कागद नाहीत, परवाना नाही. आत खच्ची केलेले नर. चौकशी झाली, दंड झाला, शिकारीचा धंदा बंद करायला लागला. कुंपणापाशी तो काय बोलला ते मी आणि टेटाने लिहून दिलं. पण काकाच्या मरणाचा ठपका कागदोपत्री त्याच्यावर कधीच आला नाही. वकील म्हणाला, ते एक डुक्कर त्याचंच होतं हे आता कोण सिद्ध करणार. टेटाने ते ऐकून घेतलं आणि वकिलालाही आपल्या रागाच्या घरात एक खोली दिली.

उन्हाळ्यात प्रूइटने जागा विकायला काढली. सामानाचा लिलाव झाला तेव्हा टेटा ईस्टरचा निळा ड्रेस घालून गेली. काहीच घेतलं नाही. त्याच्या घराच्या दारापासून पिकअपपर्यंत जो एकच रस्ता होता, त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली, म्हणजे प्रत्येक खेपेला त्याला तिच्यासमोरून जावं लागेल. पलंग, शीतपेटी, दिवे, सगळं लोक उचलून नेत होते. शेवटी तो तिच्यापुढे थांबला. घामाने भिजलेला, वय वाढल्यासारखा दिसत होता.

"झालं समाधान?"

"अजून नाही," टेटा म्हणाली.

परत येताना माझ्या गाडीत तिने ड्रेसवरचा धुरळा झटकला. मग म्हणाली, "फार लवकर पळाला. मला वाटलं होतं दोन-तीन वर्षं तरी टिकेल."

"काका असता तर त्याने त्याला सामान भरायला मदत केली असती."

"केली असती. आणि मी पिकअपमध्ये बसून दोघांवर चिडले असते." ती खिडकीबाहेर बघायला लागली. रडली नाही. थोड्या वेळाने रुमाल काढून चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला.

डुकरं संपली नाहीत. नदीकडून येतात, येतच राहणार. टेटा अजून संध्याकाळी बग्गी काढते. प्रूइटची जागा ऑस्टिनच्या एका जोडप्याने घेतली, ती शेळ्या पाळतात, टेटाला अंडी आणून देतात. त्यांनी फाटक पिवळं रंगवलं म्हणून ती त्यांच्यावरही थोडी नाराज आहे, पण अंडी घेते. आईशी आता सरळ बोलते.

दर मे महिन्यात ती काकाच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना करवून घेते. त्याच आठवड्यात काकाचा फोटो असलेलं, अंत्यविधीला वाटलेलं कार्ड एका पाकिटात घालते, आत काही लिहीत नाही, आणि ह्यूस्टनला रँडल प्रूइटच्या नव्या घरी पाठवते. पत्ता तिला मी शोधून दिला.